काटकसरीचा हिशेब : कराडच्या घरांतील वाळवण, थंडावा आणि धुणे

काटकसर हा गृहिणीच्या अंगचा एक सद्‌गुण मानला जातो आणि तशी तिची स्तुती झाली, की तो विषय बहुधा तेथेच संपतो. गुण म्हणून जिची वाखाणणी होते तिचा क्रिया म्हणून अभ्यास मात्र क्वचितच झाला आहे. वस्तुतः अर्थशास्त्राचे युरोपीय नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थच मुळी घरची व्यवस्था असा होता. पुढे ते शास्त्र बाजारात रमले आणि घर हे केवळ उपभोगाचे ठिकाण ठरले. घरात पैसा किती आला आणि त्यातून कोणता माल आणला गेला ह्याच्या पाहण्या होतात. एर्न्स्ट एंगेल ह्याने १८५७ साली मांडलेला, उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा हिस्सा घटतो हा नियम विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतो. परंतु तोच माल उंबरठ्याच्या आत आल्यावर किती दिवस टिकविला जातो, त्यातील काय कोणत्या रूपाने पुन्हा ताटात येते आणि ह्या उलाढालीत काय खर्ची पडते, ह्याची नोंद कोठेच होत नाही.

प्रस्तुत विवेचनासाठी कराडच्या परिसरातील घरगुती व्यवहारापैकी तीन कामे घेतली आहेत : अन्न वाळवून किंवा मुरवून टिकविणे, ते थंड ठेवणे आणि कपडे धुणे. वरवर पाहता ह्या तिहींचा एकमेकींशी संबंध नाही. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ही तिन्ही पाण्याची कामे आहेत. वाळवणात पाणी काढून टाकावयाचे असते, लोणच्यात ते मिठाने बांधून ठेवावयाचे असते, थंडाव्यात ते गोठवावयाचे किंवा त्याची हालचाल मंद करावयाची असते. धुण्यात ते कापडात घालून पुन्हा बाहेर काढावयाचे असते. ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे काटकसरीसंबंधी एक गोष्ट ध्यानात येते. काटकसरीने खर्च नाहीसा होत नाही. तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. पैसा वाचतो तेथे इंधन, पाणी, ऊन किंवा मनुष्याचा वेळ ह्यांपैकी काहीतरी वेचले जाते. ते खाते कोणाच्या नावे आहे, हा खरा प्रश्न आहे.

कराडचे स्थान ह्या अभ्यासास अनुकूल आहे. कृष्णा आणि कोयना ह्या दोन नद्या येथे समोरासमोर येऊन भेटतात व एकत्र झालेला प्रवाह काटकोनात वळतो. ह्याच संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. पश्चिमेस पाटणच्या बाजूला सह्याद्रीचा धुवाधार पाऊस, पूर्वेस खटाव-माणचा कोरडा मुलूख आणि मध्ये हे गाव. आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट, की दांडीवरचे धोतर दोन दोन दिवस ओले राहावे. चैत्र-वैशाखात ऊन इतके कोरडे, की सकाळी घातलेली पापडी संध्याकाळी कडक व्हावी. भोवतालच्या रानात शाळू, भुईमूग, ऊस, आणि सांगलीकडे गेले म्हणजे हळद. वर्षातून एकदाच येणारे पीक बारा महिने पुरवावयाचे, ही ह्या भागातील गृहव्यवस्थेची पहिली अट होती. अद्यापही ती पुष्कळ घरांतून पाळली जाते.

वाळवणापासून आरंभ करणे सोयीचे होईल. अन्न नासते ते त्यातील पाण्यामुळे, असे ढोबळपणे म्हटले जाते. अधिक काटेकोरपणे सांगावयाचे तर, जीवाणूंना आणि बुरशीला उपलब्ध असलेल्या मोकळ्या पाण्यामुळे ते नासते. ह्या उपलब्धतेचे माप शुद्ध पाण्यासाठी १ धरले, तर बहुतेक जीवाणूंची वाढ ०.९० च्या खाली थांबते, बहुतेक बुरशींची ०.७० च्या आसपास थांबते, आणि ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. पापड, कुरडया, सांडगे, वाळवलेली गवार व मेथी ही सर्व ह्या शेवटच्या मर्यादेखाली नेलेली अन्ने होत. पापड हातात मोडला असता कट्‌कन आवाज झाला पाहिजे ही जी घरगुती कसोटी आहे, ती ह्या मर्यादेचीच कसोटी आहे. प्रयोगशाळेतील उपकरणाइतकी ती सूक्ष्म नसली तरी व्यवहारास पुरेशी आहे.

पाणी काढून टाकण्यास उष्णता किती लागते? उन्हाळ्याच्या तापमानास एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. विजेच्या भाषेत बोलावयाचे तर एक लिटर पाणी वाळविण्यास सुमारे पाऊण युनिटाला थोडी कमी शक्ती लागते. वैशाखातील निरभ्र दिवशी एक चौरस मीटर अंगणावर दिवसभरात सहा युनिटांच्या आसपास ऊन पडते. त्यातील निम्मे वाया गेले असे धरले तरी एका चौरस मीटरवर चार लिटर पाणी उडून जाते. जुने नऊवारी लुगडे पसरले म्हणजे सुमारे नऊ चौरस मीटरांची भट्टी तयार होते, आणि तिला सरपण लागत नाही. एखाद्या यंत्राकडून एवढे काम करून घ्यावयाचे झाल्यास त्याचे बिल सामान्य कुटुंबास परवडणार नाही.

ऊन फुकट असले तरी वाळवण फुकट नसते. कुरडईचे उदाहरण घ्यावे. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, त्यांचे पाणी रोज बदलावयाचे, मग ते वाटून चीक काढावयाचा, तो बसू द्यावयाचा, वरचे पाणी ओतून द्यावयाचे, पहाटे उठून चीक शिजवावयाचा आणि तो गरम असतानाच सोऱ्याने कुरडया घालावयाच्या. मग दोन दिवस कावळे-चिमण्यांवर नजर ठेवावयाची. चोथा फेकला जात नाही. त्याच्याही वड्या घालतात, नाहीतर तो जनावरांपुढे जातो. ह्या सगळ्यात पैशाचा खर्च अत्यल्प, वेळेचा मात्र प्रचंड. हे काम एकटीदुकटीने होत नसल्यामुळे आळीतील बायका एकमेकींकडे पाळीपाळीने जात. आज हिच्याकडे पापड लाटावयाचे, उद्या तिच्याकडे. शेतीतील इरजिकीसारखीच ही श्रमाची उसनवारी. मात्र इरजिकीची नोंद ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या ग्रंथांतून सापडते, पापडांच्या पाळीची सापडत नाही.

ह्याच श्रमाला बाजारात किंमत येऊ शकते, हे १९५९ साली मुंबईत दिसून आले. त्या वर्षीच्या १५ मार्च रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’चा व्याप उभा राहिला. पीठ तेच, लाटणे तेच, ऊन तेच. गच्चीवरचा पापड विकला गेला म्हणून तो उत्पादन ठरला. कराडच्या अंगणातला पापड घरच्याच ताटात गेला म्हणून तो काटकसर राहिला.

दैनंदिन स्वयंपाकातील काटकसर वाळवणाइतकी डोळ्यांत भरत नाही, परंतु तिचे शास्त्र अधिक नाजूक आहे. पुरणासाठी शिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी निथळून काढतात. त्याला कोणी कट म्हणतात, सातारा-कोल्हापूर भागात येळवणी म्हणतात. डाळीतील विरघळणारी प्रथिने, क्षार व ब जीवनसत्त्वे ह्यांचा बराच अंश त्या पाण्यात उतरलेला असतो. त्याची आमटी करण्याने सणाच्या जेवणात एका पदार्थाची भर पडते, आणि डाळीतील सत्त्व मोरीत जात नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, तूप कढविल्यावर भांड्याला लागलेली बेरी, ताकात कुस्करलेली रात्रीची भाकरी, हुलग्यांचे माडगे ही सर्व ह्याच जातीची उदाहरणे होत. ह्यांतील काही पदार्थ तर मूळ पदार्थापेक्षा अधिक आवडीने खाल्ले जातात. शिळ्या पोळीला फोडणी मिळावी म्हणून मुद्दाम चार पोळ्या जास्त लाटणारी घरे पुष्कळ आहेत. तेथे काटकसर कोठे संपली आणि हौस कोठे सुरू झाली हे सांगणे अवघड आहे.

मीठ, साखर आणि तेल ह्यांची कामगिरी थोडक्यात सांगता येईल. मिठाच्या संपृक्त पाण्यात उपलब्धतेचे माप ०.७५ पर्यंत उतरते. म्हणून मीठ, आंबटपणा आणि हवा अडविणारा तेलाचा थर ह्या तिहींच्या बळावर कैरीचे लोणचे वर्षभर टिकते. लोणच्याला ओला चमचा लावू नये हा नियम सोवळ्याचा भासतो, परंतु तो पाण्याचा आहे. येथे कराडच्या इतिहासातील एका गोष्टीचा उल्लेख करणे योग्य होईल. लोणच्याचे भांडे क्षारास व आम्लास दाद न देणारे असावे लागते. पितळ त्याला चालत नाही; चिनी मातीची बरणी किंवा काच लागते. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांचे त्यास साहाय्य होते, आणि त्या वसाहतीस ओगलेवाडी हे नाव पडले. तेथे तयार झालेला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. तो कारखाना आज चालू नाही, परंतु त्या कंदिलाच्या काचा राखेने पुसण्याचे काम ज्या घरांनी केले त्यांच्या स्मरणात तो आहे. स्वदेशीचा इतिहास लिहिताना कारखानदारांची नावे येतात. ती काच रोज संध्याकाळी पुसून एकेक काच वर्षानुवर्षे वापरणाऱ्या घरांमुळे तो माल लोकांना परवडला, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

धान्याची साठवण हा स्वतंत्र विषय आहे. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद साठवीत. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून त्यांची मोठी हानी झाली. पेवाचे तत्त्व असे, की बंद जागेतील प्राणवायू हळूहळू संपतो व किडीस जगता येत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर त्यात कोणी उतरत नाही. किडीस जे मारक तेच माणसासही मारक असते.

काटकसर नेहमीच हिताची असते असे मात्र मानता येणार नाही, आणि ह्या बाबतीत जुन्या गृहव्यवस्थेचे अवास्तव गुणगान टाळले पाहिजे. शिजविलेल्या भाताचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. तांदळाबरोबर येणाऱ्या एका जीवाणूची बीजे शिजविण्याच्या उष्णतेने मरत नाहीत. भात उन्हाळ्याच्या रात्री उघड्यावर कोमट राहिला तर ती रुजतात आणि एक विष तयार होते. सकाळी त्या भाताला कितीही खमंग फोडणी दिली तरी हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. भात लवकर थंड करून थंडच ठेवला तर धोका टळतो. माठाच्या ओल्या फडक्याने हे साधत नाही, शीतकपाटाने साधते.

ह्याहून गंभीर प्रकार बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाच्या आसपास पिल्ले दगावली. कारणाचा शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन असे नाव पडले. भारतात १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल ह्या जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला व बुरशी चढलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती बुरशी त्यांना दिसत नव्हती असे नाही. दुसरे धान्य घरात नव्हते. भुईमुगाच्या ज्या पट्ट्यात कराड आहे तेथे काळवंडलेला, सुरकुतलेला दाणा निवडून फेकून देणे ही उधळपट्टी नव्हे. परंतु ती फेकण्याची ऐपत असावी लागते. स्वेच्छेची काटकसर आणि नाइलाजाची काटकसर बाहेरून सारखीच दिसतात. त्यांतील अंतर बांसवाड्याच्या मक्याने दाखविले.

आता थंडाव्याकडे वळावयाचे. माठातील पाणी थंड होते ते त्यातीलच थोडे पाणी झिरपून उडून जाते म्हणून. उडून जाणारे एक ग्रॅम पाणी ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते, म्हणजे आतील ५८ ग्रॅम पाण्याचे तापमान दहा अंशांनी उतरू शकते. भाजीवर ओले फडके टाकणे, दुधाचे पातेले पाण्याच्या परातीत ठेवून त्यावर ओला पंचा गुंडाळणे ह्या युक्त्यांचे तत्त्व हेच आहे. ह्या थंडाव्याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. हवा जितकी दमट तितके बाष्पीभवन मंद. म्हणून चैत्रात माठ काम देतो आणि आषाढात, जेव्हा अन्न लवकर बुरसते, तेव्हा तो निरुपयोगी होतो. पावसाळ्यात कराडच्या घराजवळ ऊनही नसते आणि थंडावाही नसतो. वाळवणाचे डबे उघडण्याचा काळ तोच.

घरगुती शीतकपाट ह्या अडचणीतून मार्ग काढते. भारतीय बनावटीची शीतकपाटे १९५८ पासून गोदरेजने बाजारात आणली. सामान्य कुटुंबापर्यंत ती पोहोचण्यास आणखी तीन-चार दशके जावी लागली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ३८ टक्के कुटुंबांकडे शीतकपाट होते आणि कपडे धुण्याचे यंत्र सुमारे १८ टक्के कुटुंबांकडे. म्हणजे फ्रिजमधील काटकसरीचे जे सल्ले सर्रास दिले जातात, ते अद्याप बहुसंख्य कुटुंबांना लागूच पडत नाहीत.

गोठविण्याचा आणि वाळविण्याचा हिशेब शेजारी शेजारी मांडण्यासारखा आहे. तीस अंशांवरील एक ग्रॅम पाणी शून्यापर्यंत आणण्यास ३० कॅलरी काढून घ्याव्या लागतात, त्याचे बर्फ करण्यास ८०, आणि ते बर्फ शून्याखाली १८ अंशांपर्यंत नेण्यास ९, एकूण ११९. वाळविण्यास ५८० लागतात. म्हणजे गोठविण्याचे काम निसर्गतः पाचपट स्वस्त आहे. असे असूनही गृहिणीला वाळवण स्वस्त वाटते आणि तिचे बरोबर आहे. वाळवणाची उष्णता ऊन देते आणि ती एकदाच लागते. वाळलेला सांडगा डब्यात पडला की पुढे त्याचा खर्च शून्य. गोठविलेला मटार मात्र रोज भाडे मागतो. मध्यम आकाराच्या घरगुती शीतकपाटास वर्षाकाठी दीडशे ते अडीचशे युनिटे वीज लागते, मग आत काही असो वा नसो. त्यामुळे जानेवारीत स्वस्त मिळालेला मटार जूनपर्यंत गोठवून ठेवण्यात बचत किती, हे शीतकपाट अन्यथा चालूच राहणार होते की नाही, ह्यावर अवलंबून आहे. चालूच राहणार असेल तर रिकाम्या कप्प्यात मटार ठेवणे फायद्याचे. मटारासाठी मोठे कपाट घेणे तोट्याचे.

गोठविण्याच्या कृतीतील दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. गोठण्याने जीवाणू मरत नाहीत, थांबतात. वितळताच ते पुन्हा कामास लागतात. आणि भाजीतील विकरे थंडीतही मंदपणे चालूच राहतात. म्हणून मटार गोठविण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात टाकावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत त्याचा रंग व स्वाद जातो. सावकाश गोठविले तर बर्फाचे मोठे स्फटिक तयार होऊन पेशींच्या भिंती फुटतात आणि वितळल्यावर भाजी लिबलिबीत होते. म्हणून मोठ्या डब्यापेक्षा पातळ पसरलेल्या लहान पिशव्या बऱ्या. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात भारनियमन वाढले तेव्हा वीज तासन्‌तास जात असे, आणि गोठवून साठविण्याची पद्धत किती परावलंबी आहे हे अनेक घरांना कळून आले. त्या काळात वाळवणाचे डबे पुन्हा भरले गेले असल्यास नवल नाही.

कराडच्या बाबतीत विजेचा प्रश्न नदीपासून वेगळा काढता येत नाही. कोयनेचे पाणी धरणात अडवून ते सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीच्या बाजूला सोडले जाते, तेथे वीज निर्माण होते आणि पाणी पुढे वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. १९६२ पासून ही वीज मिळू लागली. प्रकल्पाची आजची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. पश्चिमेकडे वळविलेले पाणी कराडच्या घाटावर येत नाही. वीज सर्व राज्याच्या जाळ्यात मिसळते, त्यामुळे अमुक घरातील फ्रिज कोयनेच्याच विजेवर चालतो असे म्हणता येणार नाही. परंतु खाते बदलण्याचे ह्याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण. ज्या नदीत धुणे होत असे तिच्याच पाण्याचा एक भाग विजेच्या रूपाने घरात आला आणि धुणे नदीवरून घरात गेले.

धुण्याच्या इतिहासात पाणी हा मुख्य खर्च होता, साबण हा दुय्यम. विहिरीच्या पाण्यात चुना व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार असतात. साबण प्रथम त्यांच्याशी संयोग पावून चिकट साका बनतो, आणि तो पुरता बसल्यावरच फेस येतो. पाण्याची कठीणता लिटरला ३०० मिलिग्रॅम मानली तर १५ लिटरच्या एका बादलीत सुमारे २७ ग्रॅम साबण मळाला स्पर्शही न करता वाया जातो. घरी आड असतानाही बायका धुण्याचे गाठोडे घेऊन नदीवर का जात, ह्याचे एक कारण वाहत्या, तुलनेने मृदू पाण्यात सापडते. दुसरे कारण असे, की पाणी नदीवरून घरी वाहून आणण्यापेक्षा कपडे नदीवर नेणे कमी श्रमाचे. तिसरे कारण गप्पांचे. ते कोणत्याही कोष्टकात बसणार नाही, पण ते तितकेच खरे आहे.

साबण महाग असताना राख, रिठा आणि सोडा ही साधने होती. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा कापते. रिठ्यातील फेसाळ द्रव्य रेशमी व लोकरी कपड्यांना सौम्य पडते. धुण्याचा सोडा कठीण पाण्यातील चुना आधीच खाली बसवितो आणि साबण वाचवितो. परिटाची भट्टी सोड्यावरच चाले. पापडात घालतात तो पापडखार आणि हा सोडा एकाच कुळातले आहेत, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. तसेच भाताची पेज. जी पेज आजाऱ्याला पाजावयाची तीच पातळ करून धुतलेल्या सुती पातळाला खळ म्हणून द्यावयाची. खळीने सूत ताठ राहते, आणि मळ सुतात न शिरता पिष्टाच्या थरावर बसतो. पुढच्या धुण्यात तो थरासकट निघून जातो. म्हणजे वाटीभर पेज पुढच्या वेळचा साबण वाचविते. स्वयंपाकघर आणि मोरी ह्यांच्यामधील हा व्यवहार एकाच दिशेचा नव्हता. मोरीचे सांडपाणी परसात जाई व तेथे अळू आणि केळ लावलेली असे. अळूचे फदफदे त्या पाण्यावरच पोसले जाई. नव्या धुलाई-पुडींचे पाणी अळूला मानवेल की नाही हा प्रश्न वेगळा आहे, आणि परसच राहिले नसल्यामुळे तो बहुतेक घरांत उद्‌भवतही नाही.

कापडाची काटकसर धुण्यावर थांबत नाही. लुगडे विरले की त्याची दुपटी होतात, मग ती वाकळेच्या थरांत जातात, आणि वाकळ फाटली की तिचे पोतेरे होते. वारंवार धुण्याने मऊ झालेले सूतच तान्ह्या मुलाला चालते; नवे कापड त्या कामाचे नसते. अर्थात् येथे झीज हीच वस्तूची योग्यता ठरते. सिंथेटिक साड्या आल्या तेव्हा त्या टिकाऊ, लवकर वाळणाऱ्या आणि खळ न लागणाऱ्या म्हणून घरोघर आल्या. पण त्यांची दुपटी चांगली होत नाहीत. टिकाऊपणा वाढला आणि साखळी तुटली.

धुण्याच्या यंत्राने वेळ वाचतो ह्यात शंका नाही, आणि दगडावर कपडे आपटून दुखावलेल्या पाठीला हा लाभ क्षुल्लक वाटणार नाही. वरून कपडे घालावयाच्या स्वयंचलित यंत्रास एका धुण्यास शंभर लिटरांहून अधिक पाणी सहज लागते; समोरून घालावयाच्या यंत्रास त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन कप्प्यांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात मात्र गृहिणी पांढऱ्या कपड्यांचे फेसाचे पाणी रंगीत कपड्यांना, तेच पुन्हा पायपुसण्यांना वापरते. अनेक घरांनी हे यंत्र सोडले नाही त्याचे कारण केवळ किंमत नव्हे. पूर्ण स्वयंचलित यंत्र तिचा हा निर्णय काढून घेते. वाळविण्याच्या बाबतीत मात्र दोरीने अद्याप यंत्राला हार दिली नाही. धुण्यातून दांडीवर जाणाऱ्या चार लिटर पाण्याला उडवून लावण्यास सुमारे पावणेतीन युनिटे लागतात, ती ऊन देते; नेऊन घालणे, उलटणे, पाऊस येताच धावत काढणे ही कामे माणसाची.

ह्या साऱ्या श्रमांचे राष्ट्रीय हिशेबात काय होते हे पाहिले असता मोठी विसंगती आढळते. पिगू ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिले होते, की एखाद्याने आपल्या पगारी घरकामकरणीशी लग्न केले तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेल्या हिशेबपद्धतीत ह्यावर एक तडजोड आहे. घरच्या वापरासाठी केलेल्या वस्तू उत्पादन म्हणून धरावयाच्या, घरच्यांसाठी केलेल्या सेवा मात्र धरावयाच्या नाहीत. त्या पद्धतीप्रमाणे फळे वाळवून टिकविणे, लोणी काढणे, कपडे शिवणे, पाणी भरून आणणे हे उत्पादन. स्वयंपाक आणि धुणे हे नव्हे. कराडच्या घरातील एका सकाळीला ही रेषा लावून पाहावी. चिकाच्या कुरडया घातल्या, ते उत्पादन. दुपारसाठी भाकरी थापली, ते नव्हे. जुन्या लुगड्याची वाकळ शिवली, ते उत्पादन. तेच लुगडे काल धुऊन वाळविले, ते नव्हे. पाणी तेच, ऊन तेच, हातही तेच. रेषा आखणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. सेवाही मोजल्या तर राष्ट्रीय उत्पन्नाचे व बेकारीचे आकडे आजवरच्या आकड्यांशी पडताळता येणार नाहीत. परंतु ह्या रेषेचा परिणाम असा होतो, की वाळवणाची जागा शीतकपाटाने घेतली म्हणजे हिशेबात घरगुती उत्पादन घटते व विजेची विक्री वाढते, आणि त्यात वाचलेल्या वेळेचा उल्लेख कोठेच येत नाही.

अन्नाच्या नासाडीच्या आकड्यांनाही अशीच मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतील नासाडी माणशी वर्षाला ५५ किलो अशी अंदाजिली आहे. त्यात साली, देठ, हाडे असे न खाण्याजोगे भागही येतात. दोडक्याच्या शिरा हा खाण्याजोगा भाग की टाकाऊ, हे त्या घरात चटणी होते की नाही ह्यावर ठरते. कोणत्याही व्याख्येला ते आधीच ठरविता येत नाही. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत कराड देशात पहिले आले. ओला कचरा वेगळा देण्याची सवय घरांना लागली ही मोठीच गोष्ट आहे. तथापि जो ओला कचरा पूर्वी दारच्या म्हशीपुढे जात होता त्याला कचरा हे नाव तेव्हा नव्हते.

वेळेच्या वापराची जी देशव्यापी पाहणी २०१९ साली झाली, तिने ह्या प्रश्नाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर आकडे पुरविले. घरच्यांसाठी विनामोबदला केलेल्या गृहकृत्यांत ती करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, पुरुषांनी नऊ वाचविली; घरातील वाटणीत फरक पडला नाही. पाहणीची पद्धतही विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावी अशी आहे. २०१९ साली दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग पाडले होते, आणि एका भागात दहा मिनिटे किंवा अधिक चाललेली, फार तर तीनच कामे नोंदली जात. दूध उतू जाण्याआधी उतरविणे, येळवणी निथळून झाकून ठेवणे, पापड उलटणे, खळीला पेज बाजूला काढणे, सांडपाणी अळूकडे वळविणे, ढग येताच दांडीवरचे कपडे काढणे ह्यांतील एकही काम सहसा दहा मिनिटे चालत नाही.